गुलाम, मुद्रक व धर्माध्यक्ष : अंथिम यांचें चरित्र

रविवारीं गांवच्या मंदिरांत जमलेली मंडळी आपल्या आईच्या भाषेंत प्रार्थना करिते, त्याच भाषेंत शास्त्रवाचन ऐकते, आणि ही गोष्ट तिला वाऱ्यापाण्यासारखी सहज मिळालेली वाटते. परंतु पृथ्वीवरील पुष्कळ देशांत ही देणगी कोणी तरी दीर्घ श्रम करून, आणि कधीं कधीं प्राणही वेंचून, लोकांच्या हातीं दिलेली आहे. अशाच एका मनुष्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचा जन्म एका देशांत झाला. गुलाम करून त्यांस दुसऱ्या देशांत नेण्यांत आलें. आणि त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें तें तिसऱ्याच देशाच्या लोकांसाठीं. हा तिसरा देश म्हणजे रुमानी लोकांचा देश होय. तेथें त्यांस अंथिम इविरेआनुल, म्हणजे इवेरिया देशाचे अंथिम, असें म्हणतात.

देश व लोक

युरोपच्या आग्नेय भागीं, डान्यूब नदीच्या उत्तरेस, कार्पेथियन पर्वताच्या दोहों अंगांस रुमानी लोकांची वस्ती आहे. आज त्या देशास रुमानिया म्हणतात. परंतु तीनशें वर्षांपूर्वीं या लोकांचें एक राज्य नव्हतें. पर्वताच्या दक्षिणेस वालाकिया, पूर्वेस मोल्डाविया, आणि पर्वतापलीकडे ट्रान्सिल्वेनिया, असे त्यांचे तीन प्रांत होते. वालाकिया व मोल्डाविया यांचे अधिपति ख्रिस्ती असत, परंतु ते तुर्की सुलतानाचे मांडलिक होते. दरसाल मोठी खंडणी भरावी, सुलतानाच्या दरबारीं नजराणे पाठवावे, आणि कोणत्या दिवशीं गादीवरून उचलून नेतील याची धास्ती बाळगावी, अशी त्यांची स्थिति असे. खंडणीचा भार शेवटीं नांगर धरणाऱ्या कुणब्याच्याच पाठीवर पडे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

या लोकांची भाषा मोठी नवलाची आहे. भोंवतालचे पुष्कळ लोक स्लाव वंशाच्या भाषा बोलत असतां रुमानी भाषा मात्र प्राचीन रोमी लोकांच्या लॅटिन भाषेपासून निघालेली आहे. तथापि ग्रीक संप्रदायाच्या ज्या मंडळींत हे लोक होते, तेथें उपासना चाले ती जुन्या स्लाव भाषेंत. ही भाषा शेतकऱ्यास कळत नसे, आणि पुष्कळ ठिकाणीं वाचणाऱ्या पाळकासही ती धड समजत नसे. ओठांवर एक भाषा आणि वेदीपुढें दुसरी, असा प्रकार कित्येक शतकें चालला.

सोळाव्या शतकांत हा बांध फुटूं लागला. ट्रान्सिल्वेनियांतील ब्राशोव शहरीं जर्मन लोकांमध्यें धर्मसुधारणेचें वारें पोंहोंचलें होतें. तेथें कोरेसि नामक डीकनानें त्या नगराच्या पुढाऱ्यांच्या साह्यानें १५६१ च्या सुमारास रुमानी भाषेंत शुभवर्तमानें छापलीं. पुढें १६४८ सालीं संपूर्ण नवा करार आणि १६८८ सालीं बुखारेस्ट येथें संपूर्ण पवित्र शास्त्र रुमानी भाषेंत छापून निघालें. शास्त्र आलें, पण उपासना अजून परक्या भाषेंतच राहिली होती. वालाकियाचे मुख्य धर्माध्यक्ष तेओदोसिये यांनीं १६८० सालीं प्रभुभोजनाच्या उपासनेचें पुस्तक छापलें. त्यांत पाळकानें केव्हां उभें राहावें, केव्हां काय करावें, या सूचना तेवढ्या रुमानी भाषेंत घातल्या आणि प्रार्थना स्लाव भाषेंतच ठेविल्या. सर्वच भाषांतर करण्याचें धैर्य आपणांस झालें नाहीं, हें त्यांनीं प्रस्तावनेंत सरळपणें कबूल केलें. जें धैर्य त्यांस झालें नाहीं तें पुढें एका परदेशी मनुष्यास झालें.

बंदिवास व सुटका

काळ्या समुद्राच्या पूर्वेस जॉर्जिया म्हणून देश आहे. त्याच्या एका भागास पूर्वीं इवेरिया म्हणत. तेथें १६५० च्या सुमारास योआन व मारिया या दांपत्याच्या पोटीं एक मुलगा जन्मला. त्याचें नांव आंद्रेइ ठेविलें. त्या काळीं तुर्क व इराणी या दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रींत तो देश सांपडला होता, आणि तेथील मुलेंमुली धरून नेऊन बाजारांत विकणें हा नित्याचा व्यापार झाला होता. आंद्रेइ तरुण असतांच तुर्कांच्या हातीं सांपडला आणि गुलाम म्हणून कॉन्स्टांटिनोपल शहरीं आणिला गेला. ज्यास आपल्या आईबापांचें दर्शन पुन्हां घडण्याची आशा उरली नाहीं, अशा मुलाच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुढें त्यास बंधनांतून मुक्तता मिळाली आणि तो त्या शहरांतील ग्रीक मंडळीच्या मुख्य पाट्रिआर्कांच्या आश्रयास राहिला. तेथें त्यानें वेळ वायां दवडिला नाहीं. ग्रीक, तुर्की, अरबी व स्लाव या भाषा तो शिकला. लांकडावर कोरींव काम करणें, चित्रें काढणें, कशिदा भरणें, या कलाही त्यानें हस्तगत केल्या. पुढें त्यानें संन्यस्त जीवन पत्करिलें आणि त्यास अंथिम हें नांव मिळालें. येथून पुढें आम्हीही त्यांचा उल्लेख त्याच नांवानें आदरपूर्वक करूं.

खिळ्यांची विद्या

वालाकियाच्या गादीवर १६८८ सालीं कॉन्स्टान्टिन ब्रिन्कोव्यानु हा अधिपति बसला. तो मोठा धनाढ्य, विद्येचा चाहता व इमारतींचा शोकी होता. त्यानें बांधलेला होरेझु येथील मठ व मोगोशोआया येथील वाडा पाहण्यास आजही लोक जातात, आणि त्या काळच्या नक्षीदार बांधणीस त्याच्याच नांवानें ओळखितात. ग्रीक मंडळीचे जे पुढारी तुर्की अमलांत हलाखींत दिवस कंठीत होते, त्यांस तो मुक्तहस्तानें साह्य करी. त्यास पुस्तकें छापणारा कुशल मनुष्य पाहिजे होता. १६९० च्या सुमारास त्यानें अंथिम यांस बुखारेस्ट येथें बोलाविलें.

अंथिम तेव्हां चाळिशीच्या घरांत होते. इतक्या वयांत मनुष्य शिकलेल्या विद्येवर पोट भरितो. नवी विद्या शिकण्यास बसत नाहीं. परंतु अंथिम हे रुमानी पवित्र शास्त्राच्या छपाईवर देखरेख केलेल्या मित्रोफान नामक धर्माध्यक्षांजवळ छापण्याची कला शिकूं लागले. ही कला त्या काळीं सोपी नव्हती. प्रथम पोलादी सळईच्या टोंकावर एकेक अक्षर उलटें कोरावयाचें. त्याचा ठसा तांब्यांत उठवावयाचा. त्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. असे हजारों खिळे पाडून मग एकेक वेंचून ओळी जुळवावयाच्या. उपासनेच्या पुस्तकांत सूचना तांबड्या शाईनें व प्रार्थना काळ्या शाईनें छापण्याची चाल असल्यामुळें तांबडीं व काळीं अक्षरें एकाच पानावर नेमकीं बसवावीं लागत. कोरींव कामास सरावलेल्या अंथिम यांच्या हातास हें काम मानवलें. १६९१ सालीं त्यांच्या नांवाचें पहिलें पुस्तक निघालें. तें ग्रीक भाषेंत असून त्यांत एका बादशहानें आपल्या मुलास केलेला उपदेश होता. १६९३ सालीं त्यांनीं ग्रीक व रुमानी अशा दोन भाषांत शुभवर्तमानें छापलीं आणि १६९४ सालीं रुमानी स्तोत्रसंहिता काढिली.

बुखारेस्टच्या उत्तरेस स्नागोव नांवाचें एक सरोवर आहे व त्यांतील बेटावर एक जुना मठ आहे. १६९६ सालीं अंथिम त्या मठाचे अधिपति झाले आणि छापखानाही तेथेंच चालूं लागला. त्या शांत बेटावरून पांच वर्षांत ग्रीक, रुमानी, स्लाव व अरबी भाषांतील पुस्तकें बाहेर पडलीं. १६९७ सालीं निघालेलें रुमानी शुभवर्तमान याच बेटावरचें होय.

दूरच्या बांधवांसाठीं

आतां एक गोष्ट सांगतों ती विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सिरिया देशांत अरबी बोलणारे पुष्कळ ख्रिस्ती लोक होते. अंत्युखियाचें नांव आमच्या वाचकांस प्रेषितांच्या कृत्यांवरून ठाऊकच आहे. शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम त्याच नगरांत मिळालें. तेथील प्राचीन मंडळीचे पुढारी अथनासियस हे वालाकियांत आले असतां त्यांनीं आपल्या पाळकांची अडचण ब्रिन्कोव्यानु यास निवेदन केली. त्या पाळकांपाशीं छापलेलें उपासनेचें पुस्तक नव्हतें. हातांनीं लिहून काढिलेलीं पुस्तकें महाग व दुर्मिळ, आणि गरीब खेड्यांतील मंडळीस तीं कोठून मिळावीं?

ब्रिन्कोव्यानु यानें खर्च पत्करिला आणि काम अंथिम यांजकडे सोंपविलें. अरबी लिपींत अक्षरें एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि शब्दाच्या आरंभीं, मध्यें व शेवटीं त्याच अक्षराचें रूप पालटतें. म्हणून तिचे खिळे पाडणें फार कठीण. अंथिम यांनीं ते पाडिले. १७०१ सालीं स्नागोव येथें एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस अरबी असें उपासनेचें पुस्तक छापून तयार झालें, आणि पुढल्याच सालीं बुखारेस्ट येथें नित्य प्रार्थनांचें तसेंच पुस्तक निघालें. हीं पुस्तकें अरबी पाळकांस फुकट वांटण्यांत आलीं. इतकेंच नव्हे, तर छपाईची सामग्रीही अथनासियस यांस देण्यांत आली. तिच्या साह्यानें १७०६ सालीं अलेप्पो शहरीं स्तोत्रसंहिता व शुभवर्तमानें अरबी भाषेंत छापलीं गेलीं. त्या प्रदेशांत अरबी खिळ्यांनीं छापलेलीं हीं पहिलीं पुस्तकें होत.

अंथिम आपल्या जन्मभूमीसही विसरले नाहींत. तेथें स्वतः जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. परंतु त्यांच्या हाताखालीं तयार झालेला मिहाइल स्तेफान नांवाचा मुद्रक जॉर्जियास पाठविण्यांत आला. तिफ्लिस शहरीं राजा वाख्तांग याच्या आश्रयानें त्यानें छापखाना उभारिला, आणि १७०९ सालीं जॉर्जियाच्या भूमीवर जॉर्जियाच्या भाषेंत पहिलें पुस्तक छापून निघालें. तें पुस्तक शुभवर्तमानाचें होतें. ज्या देशांतून एक मुलगा दोरखंडानें बांधून नेला होता, त्या देशास त्या मुलानें अशी परतफेड केली.

लोकांच्या भाषेंत उपासना

१७०५ सालीं अंथिम यांस रिम्निक येथील धर्माध्यक्ष निवडलें. पद मिळालें म्हणून त्यांनीं खिळे सोडिले नाहींत. छापखाना त्यांनीं आपल्याबरोबर रिम्निकास नेला, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १७०६ सालीं, प्रभुभोजनाची उपासना आणि बाप्तिस्मा, विवाह, प्रेतसंस्कार इत्यादि विधि असलेलें मोठें पुस्तक रुमानी भाषेंत प्रसिद्ध केलें. आतां केवळ सूचनाच नव्हे, तर प्रार्थनाही लोकांच्या भाषेंत आल्या. याच्या आधीं मोल्डावियांत दोसोफतेइ नामक विद्वान धर्माध्यक्षांनीं १६७९ सालीं असा यत्न केला होता, आणि त्यांचें श्रेय आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. परंतु अंथिम यांची भाषा इतकी सरळ, गोड व मुखास येणारी उतरली कीं पुढील पिढ्यांनीं तीच उचलिली. आज रुमानी मंडळींत जी उपासना होते तिच्या पुष्कळ वाक्यांचा मूळ सांचा अंथिम यांनींच पाडिलेला आहे, असें त्या भाषेचे जाणते सांगतात.

जी भाषा आपल्या आईनें आपणांस शिकविली नाहीं, तींत दुसऱ्याच्या आईच्या तोंडीं बसेल अशी प्रार्थना लिहिणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठीं कोश व व्याकरण पुरत नाहीं. बाजारांत, शेतावर, आजाऱ्याच्या उशाशीं लोक कसे बोलतात तें कान देऊन ऐकावें लागतें. अंथिम यांनीं तसें ऐकिलें होतें, हें त्यांच्या लिहिण्यावरून उघड दिसतें.

१७०८ सालच्या आरंभीं वृद्ध तेओदोसिये मरण पावले. अंथिम यांस आपल्या जागीं नेमावें, असें त्यांनीं मृत्युशय्येवरून सुचविलें होतें. ज्यांस भाषांतराचें धैर्य झालें नाहीं, त्यांनींच तें धैर्य करणाऱ्याच्या हातीं आपली काठी द्यावी, यांत दोघांचीही थोरवी दिसून येते. याप्रमाणें एके काळचा गुलाम वालाकियाचा मुख्य धर्माध्यक्ष झाला. त्यानंतर त्यांनीं तिर्गोविष्ते येथें छापखाना चालविला. तेथून १७१० सालीं स्तोत्रसंहिता, १७१३ सालीं प्रभुभोजनाच्या उपासनेचें निराळें पुस्तक आणि दुसरीं अनेक पुस्तकें निघालीं. सर्व मिळून साठांहून अधिक पुस्तकांशीं त्यांचा मुद्रक, लेखक, भाषांतरकार किंवा आश्रयदाता म्हणून संबंध आहे. १७०९ सालीं त्यांनीं जुन्या व नव्या करारांतील पुरुषांच्या वंशावळीचें एक हस्तलिखित तयार केलें. त्यांत स्वतःच्या हातांनीं काढिलेलीं पांचशेंहून अधिक लहान लहान चित्रें आहेत.

व्यासपीठावरील निर्भयता

अंथिम यांचीं सुमारें तीस प्रवचनें व प्रसंगविशेषीं केलेलीं कांहीं लहान भाषणें आज उपलब्ध आहेत. त्यांच्या हयातींत तीं छापलीं गेलीं नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तीं प्रथम मुद्रित झालीं. रुमानी वाङ्मयाचे इतिहासकार त्यांस आपल्या गद्याच्या पहिल्या उत्तम नमुन्यांत गणितात. त्यांत ग्रीक तत्त्ववेत्त्यांचीं वचनें येतात, समुद्रावरील वादळाचीं वर्णनें येतात, आणि मध्येंच घरगुती बोलण्यांतला एखादा चिमटाही येतो.

त्यांतील एक प्रवचन आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. त्या मंडळींत पापांची कबुली पाळकापुढें देण्याची चाल आहे. दरबारचे सरदार उपासाच्या दिवसांत कबुली देण्यास येत. अंथिम यांनीं त्यांच्या तोंडावर सांगितलें कीं, तुम्ही येऊन बुधवारीं व शुक्रवारीं मासे खाल्ल्याचें, उपासांत तेल व मद्य घेतल्याचें सांगतां. परंतु आपल्या हांवेनें आपल्या ख्रिस्ती बंधूचें मांस व श्रम खातों, त्याचें रक्त व कपाळाचा घाम पितों, हें मात्र कबूल करीत नाहीं. ऐकणारे कोण होते याचा विचार करावा. समोर राज्याचे खजिनदार, करवसुलीचे अधिकारी, शेंकडों गांवांचे धनी बसलेले. असें बोलणाऱ्यास मित्र थोडे व शत्रु फार मिळतात, हें सांगणें नलगे.

त्यांनीं केवळ दुसऱ्यास उपदेश केला असें नाहीं. १७१३ पासून १७१५ पर्यंत त्यांनीं बुखारेस्ट येथें आपल्या पैशानें सर्व संतांच्या नांवें एक मठ बांधविला. तो अंथिम यांचा मठ या नांवानें आजही उभा आहे, आणि त्याच्या मंदिराचें नक्षीदार लांकडी दार त्यांनीं स्वतः कोरिलें अशी परंपरा आहे. त्यांच्या चिन्हांत गोगलगाय दाखविलेली असते. हळू चालणारा, आपलें घर पाठीवर वाहणारा हा प्राणी घर हरवलेल्या मनुष्यास जवळचा वाटला असावा, असें आम्हांस वाटतें. मठासाठीं त्यांनीं नियम लिहून ठेविले. गरिबांस अन्नवस्त्र द्यावें, निराधार मुलांस विद्या शिकवावी, गरीब मुलींच्या लग्नास साह्य करावें, ज्यांस कोणी नाहीं अशा मृतांस व परदेशी माणसांस सन्मानानें पुरावें, अशा व्यवस्था त्यांत आहेत. परका म्हणून एके काळीं बाजारांत उभा राहिलेला मनुष्य परक्याच्या मातीची काळजी करितो, हें वाचून कोणाचें मन द्रवणार नाहीं?

संकटांचा काळ

१७११ सालीं रशियाचा बादशहा पीटर व तुर्क यांचें युद्ध झालें. तुर्कांचें जूं मानेवरून जावें, ही इच्छा वालाकियांत पुष्कळांच्या मनांत होती, आणि अंथिम त्यांपैकीं एक होते. परंतु पीटरचा पराभव झाला. त्यानंतर दरबारांतील विरोधकांनीं अंथिम यांजवर नाना आरोप केले. ब्रिन्कोव्यानु याचेंही मन कलुषित झालें, आणि त्यानें त्यांस राजीनामा देण्यास सांगितलें. अंथिम यांनीं १७१२ सालच्या आरंभीं दोन पत्रें लिहून एकेक आरोपाचें उत्तर दिलें. हें पद आपण बळानें, लांच देऊन अथवा विनवण्या करून मिळविलेलें नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. अधिपतीस तें पटलें, आणि दोघांचा समेट झाला.

पण खुद्द अधिपतीचेच दिवस भरत आले होते. मार्च १७१४ मध्यें सुलतानाचा अधिकारी बुखारेस्टास आला आणि पंचवीस वर्षें राज्य केलेल्या ब्रिन्कोव्यानु यास सहकुटुंब पकडून कॉन्स्टांटिनोपलास घेऊन गेला. त्याचें द्रव्य हिरावून घेण्यासाठीं त्याचा छळ झाला. १५ ऑगस्ट १७१४ रोजीं त्याचे चार पुत्र व त्याचा विश्वासू मंत्री यांचा त्याच्या डोळ्यांदेखत शिरच्छेद केला, आणि शेवटीं त्याचाही केला. धर्म सोडिल्यास प्राण वांचतील असें त्यांस सांगण्यांत आलें असतां त्यांनीं तें नाकारिलें, असें सांगतात. त्याच्यामागून गादीवर बसलेल्या स्तेफान कांताकुझिनो याचीही दोन वर्षांच्या आंत तीच गत झाली.

यापुढें सुलतानानें वालाकियास देशचा अधिपति नेमण्याचें बंद केलें, आणि कॉन्स्टांटिनोपलच्या श्रीमंत ग्रीक घराण्यांतील माणसें पाठविण्यास आरंभ केला. त्यांतील पहिला निकोलास माव्रोकोर्दात हा १७१६ च्या आरंभीं बुखारेस्टास आला. तो विद्वान होता. परंतु सुलतानाशीं एकनिष्ठ राहणें हीच त्याच्या गादीची हमी होती. त्याच सालीं ऑस्ट्रिया व तुर्क यांचें युद्ध पेटलें. ऑस्ट्रियाचें सैन्य येत असल्याची आवई उठतांच माव्रोकोर्दात अंथिम यांस बरोबर घेऊन डान्यूबकडे पळाला. अंथिम यांनीं आपल्या लोकांस संकटांत सोडून पुढें जाण्याचें नाकारिलें व ते परत फिरले. हें माव्रोकोर्दात याच्या मनांत सलत राहिलें. राजधानींत परतल्यावर त्यानें त्यांस अटक केली आणि राजीनामा मागितला. अंथिम यांनीं तो दिला नाहीं. तेव्हां त्यांजवर राजद्रोह व जादूटोणा यांचा आरोप ठेविण्यांत आला आणि कॉन्स्टांटिनोपलच्या पाट्रिआर्कांकडून त्यांस धर्मपदावरून काढिल्याची आज्ञा आणविली. ज्या आसनाच्या छायेखालीं त्यांस तरुणपणीं आश्रय मिळाला होता, त्याच आसनावरून ही आज्ञा निघाली.

शेवटचा प्रवास

सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या मठांत त्यांस जन्मभर कोंडून ठेवावें, अशी शिक्षा झाली. लोक दंगा करतील या भीतीनें त्यांस दिवसां बाहेर काढिलें नाहीं. त्यांचा धर्मवेष उतरविला, डोक्यावर तांबडी टोपी घातली, आणि रात्रीच्या अंधारांत गाडींत बसवून तुर्की शिपायांच्या पहाऱ्यांत बुखारेस्टाबाहेर नेलें. सीनायपर्यंत ते पोंहोंचले नाहींत. डान्यूबपलीकडे वाटेंतच शिपायांनीं त्यांस ठार मारिलें आणि देह नदींत टाकिला. ही गोष्ट १७१६ च्या शरदृतूंतील आहे. आपल्या मठांत परदेशी मृतांच्या दफनाची व्यवस्था करून ठेवणाऱ्या त्या मनुष्यास स्वतःला मात्र कबर मिळाली नाहीं.

माव्रोकोर्दात याचा विजयही फार टिकला नाहीं. त्याच सालच्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रियाच्या सैनिकांनीं त्यास बुखारेस्टांतच पकडून नेलें. पुढें तो सुटला व पुन्हां गादीवर बसला, हें खरें. परंतु अंथिम यांनीं लाविलेलें रोपटें उपटणें त्यास किंवा दुसऱ्या कोणासही साधलें नाहीं. रिम्निक येथील छापखाना पुन्हां चालू झाला. तेथील पुढचे धर्माध्यक्ष दामास्किन व त्यांच्या मागून किसारिये यांनीं राहिलेलीं पुस्तकें रुमानी भाषेंत आणिलीं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या देशांत लोकांची भाषा हीच उपासनेची भाषा झाली. अंथिम यांजवरील दोषारोपाचा निकाल कॉन्स्टांटिनोपलच्या पाट्रिआर्कांनीं १९६६ सालीं, म्हणजे अडीचशें वर्षांनीं, रद्द केला. १९९२ सालीं रुमानी मंडळीनें त्यांची संतांत गणना केली, आणि २७ सप्टेंबर हा त्यांच्या स्मरणाचा दिवस ठरविला.

ज्या मंडळींत अंथिम यांनीं सेवा केली तिचे कित्येक विधि व चाली आमच्यापेक्षां निराळ्या आहेत, हें आम्ही जाणतों. तरी या चरित्रापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. ज्याची भाषा, घर व स्वातंत्र्य हीं सर्व गेलीं, त्यानें त्या दुःखाचें कडू फळ होऊं दिलें नाहीं. स्वतःची भाषा गमावलेल्या मनुष्यानें तीन लोकांच्या हातीं त्यांच्या भाषेंतील पुस्तकें दिलीं. चाळिशींत नवी विद्या शिकण्याची त्यास लाज वाटली नाहीं, उच्च पदावर चढूनही शाईनें हात काळे करण्यांत कमीपणा वाटला नाहीं, आणि धनिकांस त्यांचें पाप सांगतांना भीति वाटली नाहीं. पुढल्या रविवारीं मंदिरांत आपापलें पुस्तक हातीं घेऊन आपल्याच भाषेंत प्रार्थना करितांना आमच्या वाचकांनीं अशा श्रम करणाऱ्यांचें क्षणभर स्मरण करावें, आणि ज्यांस अद्याप वाचतां येत नाहीं अशा एखाद्या शेजाऱ्यास जवळ बसवून तें पुस्तक वाचून दाखवावें. अंथिम यांस याहून निराळें स्मारक आवडलें नसतें, असें आम्हांस वाटतें.